गोठ्यातली पद्मिनी पुन्हा रस्त्यावर

(परंडा परिसरातील महिला बचत गटांच्या श्रोत्यांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



दर वेळी आपण इथं शेळीपालन, शिलाई, पापड-शेवया, सोयाबीनचं बियाणं यावर बोलतो. आज मी एका जुन्या मोटारीची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, हे गड्यांचं काम, आम्हाला काय त्याचं? मलाही तसंच वाटायचं. म्हणूनच सांगायला आले.

आमचं घर परंड्याच्या कडेला, वस्तीवर. गोठ्याच्या अर्ध्या भागात पत्र्याखाली माझ्या सासऱ्यांची गाडी उभी होती. प्रीमियर पद्मिनी, १९८६ चं मॉडेल. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामांनी ती १९९४ साली बार्शीत जुनीच घेतली. वस्तीवरच्या दोन बाळंतिणी या गाडीनं रात्रीच्या दवाखान्यात नेल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरं विकली, तेव्हा गाडीची बॅटरी गेली ती गेलीच. नवी घ्यायला पैसे नव्हते. पुढं टपावर कडबा आला, आत कोंबड्या अंडी घालू लागल्या. २०२१ साली मामाही गेले.

आता ही पद्मिनी काय होती, ते आधी सांगते, कारण तिचं नातं आपल्याच भागाशी आहे. वालचंद हिराचंद हे १८८२ साली सोलापूरला जन्मले. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं. आपल्या देशात मोटारी बनाव्यात हा त्यांचा ध्यास. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. १९५४ पासून तिथं इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी बनू लागली. १९७४ पासून तिलाच ‘पद्मिनी’ म्हणू लागले, चितोडच्या राणीवरून. म्हणून आपल्याकडची जुनी माणसं अजून तिला फियाटच म्हणतात. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी मुंबईत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळं ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. पेपरात फोटो आले होते, तुम्हीही पाहिले असतील.

तर २०२४ ची दिवाळी झाली आणि भंगारवाला दारात आला. गाडीचे बावीस हजार म्हणाला. माझे दीर म्हणाले, “देऊन टाकू, जागा तरी मोकळी होईल.” आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावर बसल्या होत्या. त्या एवढंच बोलल्या, “परंड्याची तोफ अशीच गेली विजापूरला. आता तिकीट काढून बघायला जावं लागतं.” मुलूखमैदान तोफ एकेकाळी आपल्या किल्ल्यात होती, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे. सगळे हसले. मग आत्यांनी विचारलं, “आणि कागद कुणाच्या नावावर आहेत?”

सगळे गप्प. कागद मामांच्या नावावर. मामांना जाऊन तीन वर्षं झालेली. नोंदणीची मुदत त्याच्याही आधीच संपलेली.

मैत्रिणींनो, पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा. घरातलं माणूस गेलं की आपण सातबारा बघतो, बँकेचं खातं बघतो. गाडी, मोटारसायकल, ट्रॅक्टर यांचे कागद तसेच राहतात. मालक वारल्यावर नाव बदलायला आर.टी.ओ. कार्यालयात ३१ नंबरचा फॉर्म असतो. तो तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. मृत्यूचा दाखला, मूळ आर.सी. बुक, विमा आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. आणि गाडी भंगारात देताना नोंदणी रद्द केली नाही, तर कागदावर ती तुमच्याच माणसाची राहते. पुढं तिचा नंबर कुठं वापरला गेला, तर विचारायला तुमच्याच दारात येणार. भंगारात द्यायचीच असेल तर सरकारमान्य केंद्रात द्या. तिथं प्रमाणपत्र मिळतं.

आमच्या घरात बसून ठरलं. गाडी माझ्या नावावर करायची. का माझ्या? कारण आमचे हे पुण्याला कंपनीत, दिरांना शेतीतून सवड नाही आणि गाडी चालवायचं लायसन्स घरात फक्त माझ्याकडं. दीर म्हणाले, “वहिनी, सही मी देतो, पण खर्च मी देणार नाही.” मी म्हटलं, चालेल.

मग मी गटात कर्ज मागितलं. तीस हजार. आमच्या अध्यक्षाताईंनी सरळ विचारलं, “ही गाडी महिन्याला काय कमावून देणार?” मी म्हटलं, काही नाही. “मग गटाचा पैसा नाही.” मला त्या दिवशी राग आला. आज सांगते, त्यांचं बरोबर होतं. आपल्या पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं मारता येत नाही, तो गुन्हा आहे. कमाई नाही तिथं कर्ज काढायचं नाही. मी दोन बोकडं विकली, शिलाईचे पैसे बाजूला टाकत गेले आणि जमेल तसं काम केलं. दहा महिने लागले.

बार्शीला एक वयस्कर मिस्त्री आहेत. उभी हयात त्यांनी याच गाड्यांवर काढली. आम्ही त्यांना काका म्हणतो. ते एकदा येऊन गाडी बघून गेले आणि म्हणाले, “पोरी, आधी रंग बघू नको. आधी पत्रा ठोकून बघ.”

आपण माठ घेताना बोटानं वाजवून बघतो ना? तसंच. पेचकसाच्या मुठीनं पत्रा ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर पत्रा चांगला. भदभद आवाज आला तर आतून गंजलाय. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. त्यामुळं दाराखालची पट्टी आणि पायाखालचा पत्रा सडला असेल, तर नुसती लांबी भरून वर रंग मारणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. आमचा पाय ठेवायचा पत्रा दोन ठिकाणी गेलेला होता. तो कापून नवा जोडायचं काम आम्ही वेल्डिंगवाल्याकडूनच करून घेतलं. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढायची आणि पेट्रोलची टाकी गाडीपासून लांब न्यायची.

टाकीचं नाव निघालं म्हणून कळकळीनं सांगते. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. पेट्रोल दिसत नाही, पण आत वाफ भरलेली असते. एक ठिणगी पडली की स्फोट. टाकीला वेल्डिंग घरी कधीच करायचं नाही. आमच्या टाकीत बारा वर्षांपूर्वीच्या पेट्रोलचा काकवीसारखा चिकट गाळ झाला होता. काकांच्या देखरेखीखाली ती उघड्यावर उतरवली, धुतली, वाळवली. जवळ वाळूची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर होता. चूल आणि विडी दोन्ही लांब. रबरी नळ्या सगळ्या नव्या घातल्या, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यानं लवकर खराब होतं.

आता इंजिन. एवढी वर्षं उभी राहिलेली गाडी एकदम चावी मारून सुरू करायची नाही. आत पिस्टन गंजून चिकटलेले असतात, जोर लावला तर रिंगा तुटतात. आम्ही चारही प्लग काढले. प्रत्येक भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. मग प्लग काढलेलेच ठेवून, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून दोघींनी मागं-पुढं हलवली. पहिल्या दिवशी हलली नाही. तिसऱ्या दिवशी आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि इंजिन फिरलं. माझी जाऊ जोरात ओरडली, तशी शेजारची म्हैस बिथरली. पुढं रिंगा, गास्केट, कार्बोरेटरची सफाई हे काकांनीच केलं. आम्ही हाताखाली होतो.

सुट्या भागांचं मात्र आम्ही आपल्या पद्धतीनं केलं. उघडलेला प्रत्येक नट-बोल्ट मसाल्याच्या डब्यात आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये, वर चिठ्ठी लावून. माझी मुलगी अकरावीत आहे. तिनं प्रत्येक वायर सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढला आणि वायरीला चिंधी बांधून नंबर टाकला. उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. तशी गाडी सुरू केली असती तर शॉर्ट होऊन पेटली असती. काका म्हणाले, “माझ्या गॅरेजातली पोरं सगळे नट एका डब्यात टाकतात आणि मग दिवसभर शोधत बसतात.” आमच्या जावेला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आता माझी चूक सांगते. ही सांगायलाच मी आज आले, असं समजा.

एप्रिल महिन्यात गाडी सुरू झाली. आख्खी वस्ती गोळा झाली. ब्रेकचं काम अर्धवट होतं. पुढच्या चाकांचे रबर बदलले होते. मागच्या दोन चाकांचे रबर बदलायला आणखी पैसे लागणार होते. मी ब्रेक ऑइल भरलं, पेडल दाबून बघितलं, कडक लागलं. मला वाटलं, झालं की, बाकीचं पुढच्या महिन्यात. रस्त्यावर न्यायची नव्हतीच, कागद झाले नव्हते. आपल्याच शेतातल्या वाटेनं एक चक्कर मारू म्हटलं. आत्या म्हणाल्या, “मला बसव.” त्या मागं बसल्या.

आमच्या वाटेला विहिरीकडं उतार आहे. मी ब्रेक दाबला. पहिल्यांदा लागला. दुसऱ्यांदा पेडल सरळ खाली गेलं, पार पत्र्याला टेकलं. आमच्या गाडीत चारही चाकांचा ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर आहे. एका चाकात गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. मी हँडब्रेक ओढला, गिअर पहिल्यात टाकला आणि गाडी कडब्याच्या गंजीत घातली. विहीर पुढं दहा-बारा हातांवर होती. आत्यांना काही झालं नाही. त्या उतरल्या, लुगड्याचं कुसळ झाडलं आणि म्हणाल्या, “पैशाची बचत कुठं करायची नाही, ते आज कळलं का?” त्या रात्री मला झोप लागली नाही.

मैत्रिणींनो, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. उभ्या गाडीत चाकातल्या सिलिंडरला आतून गंज चढतो, रबर कडक होऊन चिरतं. वरून काही दिसत नाही. पेडल कडक लागलं म्हणजे ब्रेक चांगला, असं नसतं. जुन्या गाडीत पहिला पैसा ब्रेकला, दुसरा टायरला, मग इंजिनाला आणि सगळ्यात शेवटी रंगाला. आम्ही उलट्या क्रमानं चाललो होतो. तुमच्या घरात दहा वर्षांची मोटारसायकल असेल, ट्रॅक्टरची ट्रॉली असेल, तिलाही हेच लागू आहे.

मग चारही चाकांचं काम नव्यानं केलं. जुन्या ब्रेक लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती फुफ्फुसाला फार वाईट. फुंकर मारायची नाही, झाडायची नाही. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. नंतर नळीतली हवा काढायची. हे दोघींचं काम. एकीनं पेडलवर बसायचं, दुसरीनं चाकाशी. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. चाकाशी बसलेली म्हणते, “दाब.” पेडलवाली दाबते आणि सांगते, “धरलंय.” मग खालची निप्पल सैल करते, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत येतात, निप्पल आवळते आणि म्हणते, “सोड.” ‘आवळलं’ असं ऐकू येईपर्यंत पेडल सोडायचं नाही, नाहीतर हवा परत आत जाते. जात्यावर दोघी बसल्या की एकीचा हात दुसरीला कळतो, तसं हे काम आहे. आम्ही जावा-जावा, तेरा वर्षं एका घरात. पण एवढं एकमेकींचं ऐकून आम्ही कधी काम केलं नव्हतं.

आणि हो, गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवायचा नाही. खाली मजबूत स्टँड किंवा लाकडी ठोकळे लावायचे. विटा लावायच्या नाहीत, त्या फुटतात.

सीटचं काम पूर्ण आमचं. जुनं रेक्झिन उसवलं, त्याचे तुकडे इस्त्री करून कागदावर ठेवून माप काढलं, जसं आपण जुन्या ब्लाउजवरून काढतो. आत काथ्या भरला. शिलाई मशीनला अठरा नंबरची जाड सुई लावली, टाका मोठा ठेवला. बारीक टाक्यानं रेक्झिन फाटतं. हे बघून एका ट्रॅक्टरवाल्यानं सीट शिवायला दिली, मग दुसऱ्यानं. आता जाऊ महिन्याला दोन-चार सीटा शिवते. फार नाही, पण गाडीनं काही कमावलं असेल तर एवढंच.

कागदांसाठी मी धाराशिवला तीन खेपा केल्या. नाव बदललं, २५ नंबरच्या फॉर्मवर नोंदणीचं नूतनीकरण झालं, पाच वर्षांसाठी. मी जुलै २०२५ मध्ये अर्ज केला, तेव्हा फी ५,००० रुपये होती. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं वीस वर्षांवरच्या चारचाकीसाठी ती १०,००० केली. पर्यावरण कर वेगळा, आणि मुदत संपल्यावर उशिराचा दंड महिन्यागणिक वाढत जातो. म्हणून कागदाचं काम आधी करा, पान्याचं नंतर. पन्नास वर्षांवरच्या गाडीसाठी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी २०२१ पासून आहे, पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. आमची तेवढी जुनी नाही.

आता हिशेब, वहीतला. टायर १४,०००. बॅटरी ४,०००. ब्रेक ६,५००. इंजिन १८,०००. टाकी आणि नळ्या ३,०००. वायरिंग ५,०००. पत्रा आणि वेल्डिंग १२,०००. रंग ९,०००. सीटा ४,५००. कागद, कर, विमा मिळून १२,०००. एकूण ८८,०००. आमच्या हातांची मजुरी यात धरलेली नाही. एवढ्या पैशात नंतरच्या मॉडेलची एखादी बरी जुनी गाडी आली असती. मी खोटं सांगणार नाही.

म्हणून प्रत्येकीनं हे करावं असं मी म्हणत नाही. कागद हरवले असतील आणि वारस सह्या देत नसतील, तर हात घालू नका. खालचा पत्रा पार सडला असेल, तर सोडून द्या. कर्ज काढून तर करूच नका. आणि शेजारी जाणता मिस्त्री नसेल, तर ब्रेक आणि पेट्रोल या दोन कामांना हात लावू नका.

पण एक गोष्ट सांगून थांबते. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास कुणी केला, माहीत आहे? एका बाईनं. बर्था बेंझ तिचं नाव. मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको. १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न विचारता दोन मुलांना घेऊन ती जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाली. शंभरेक किलोमीटर. तेव्हा पेट्रोल पंप कुठले? औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं साफ केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तर वाटेत चांभाराकडून त्यांना चामडं मारून घेतलं. म्हणजे ब्रेकचं महत्त्व तिला वाटेतच कळलं. मला विहिरीजवळ कळलं.

नवरात्रात आम्ही आत्यांना घेऊन तुळजापूरला गेलो. मी चालवत होते, शेजारी मुलगी, मागं आत्या, जाऊ आणि मांडीवर तिचा धाकटा. दीर मोटारसायकलवर मागं-मागं, ब्रेकवर त्यांचा अजून विश्वास नव्हता. बार्शीच्या पुढं चहाला थांबलो, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ गाडीला हात लावून उभे राहिले. त्यांनी विचारलं, “गाडी कुणाची?” दीर पुढं झाले. मला वाटलं, ‘आमची’ म्हणतील. ते म्हणाले, “वहिनींची.”

आत्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “आधी ब्रेक बघून घे गं, मग निघू.”

तर मैत्रिणींनो, आज घरी गेलात की एवढं करा. दारात जी काही गाडी उभी असेल, तिचे कागद पेटीतून काढा आणि नाव कुणाचं आहे, मुदत कधीपर्यंत आहे, ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. पुढच्या बैठकीत त्यावर बोला.